दहावीपर्यंतच्या बाई

सावेबाईंसमोर ‘बिचारी’ हा शब्द काढायची सोय नव्हती. कोणी काढलाच तर त्या वाहतूक पोलिसासारखा पंजा समोर धरत आणि म्हणत, “बिचारी काढून परत बोला.” एकदा आमचे मुख्याध्यापक पालकांच्या सभेत म्हणाले, “ही आपली दर्शना, बिचारी रोज सातपाटीहून येते.” बाईंचा पंजा वर. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि पहिलीतल्या मुलासारखं म्हणाले, “ही आपली दर्शना. रोज सातपाटीहून येते.”

“बघा,” बाई म्हणाल्या, “काही अडलं का वाक्याचं?”

सभा हसली. सरही हसले. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांच्या दृष्टीने तो विनोद नव्हताच.

सावेबाई आमच्या तालुक्यात विशेष शिक्षिका होत्या, कंत्राटी. ज्या मुलांना इतरांच्या वेगाने शिकता येत नाही, बोलता येत नाही, एका जागी बसता येत नाही, अशा मुलांसाठी त्या वेगवेगळ्या शाळांत ठरलेल्या वारी जात. राहायला पालघरजवळच्या माहीमला. तिथून स्कूटरवरून पालघर, शिरगाव, बोईसर असा त्यांचा आठवडा फिरत असे. पालघरच्या आमच्या हायस्कुलात प्रयोगशाळेच्या मागे एक खोली होती, तिला सगळे रिसोर्स रूम म्हणत. त्या खोलीत मी तीन-चार वर्षं त्यांची मदतनीस होते.

मी बोईसरच्या कॉलनीत वाढले. शाळा इंग्रजी माध्यमाची. मानसशास्त्राची पदवी घेतली तेव्हा आता पुढे काय, हे मला सांगता येत नव्हतं, आणि कोणी विचारलं तर बोलताही येत नव्हतं. घरी मराठीच बोलतो आम्ही, पण चार माणसांत बोलायची वेळ आली की माझं वाक्य अर्ध्यात थांबायचं. पहिल्या दिवशी बाईंनी तीन-चार प्रश्न विचारले आणि मी प्रत्येकाला एकेका शब्दात उत्तर दिलं.

“फार बोलत नाहीस?”

मी मान हलवली.

“बरंय. या खोलीत मोठी माणसं फार बोलायला लागली की मुलांना जागा राहत नाही.”

एवढीच माझी मुलाखत. त्यानंतर त्या मला ‘कॉन्व्हेंट’ म्हणत. “कॉन्व्हेंट, खिडकी उघड.” “कॉन्व्हेंट, डबा खाल्लास का?” मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली नाही, हे सांगायचं राहून गेलं ते गेलंच.

बाई पन्नाशी ओलांडलेल्या. पंजाबी ड्रेस, पायात पावसाळी चप्पल बाराही महिने, केसांचा घट्ट अंबाडा आणि उजव्या मनगटावर पुरुषी घड्याळ. खांद्याला रेक्झिनची पिशवी. तिच्यात तक्ते, चित्रं, रंगीत कार्डं असलं काही नसायचं. कुलूप-किल्ली, शर्टाची बटणं, खरं केळं, चहाची गाळणी, नारळाची करवंटी, एकदा तर अख्खं नळाचं तोंड. शिक्षण विभागातून प्लास्टिकच्या फळांचा एक डबा आला होता. तो त्यांनी कपाटावर ठेवला तो परत काढला नाही. “प्लास्टिकचं केळं कोणी सोलत नाही,” म्हणाल्या. मुलांनी केळं सोलायचं, खायचं, साल कचऱ्याच्या डब्यात टाकायची आणि हात धुवायचे. त्यात तास गेला तरी चालेल.

त्यांची खरी सवय वेगळीच होती. त्या प्रश्न विचारत आणि थांबत. आपण सगळे थांबतो तसं नाही. त्या पंख्याकडे बघत बसायच्या, जणू उत्तर यायची गाडी लेट आहे आणि स्टेशन मास्तरांशी भांडून उपयोग नाही. मूल ओठ हलवायचं, बोटं मोडायचं, छताकडे बघायचं. खोलीत आलेल्या इतर शिक्षकांना ते सहन होत नसे. कोणीतरी मधेच उत्तर पुरवायचं. मग बाई त्या शिक्षकाला बाहेर काढत. खरोखर. “सर, तुम्ही पास झालात. जा आता.”

दर्शना बाईंकडे आठवीत आली. सातपाटीची, तांडेलांच्या घरातली. वडील बोटीवर खलाशी, त्यामुळे महिन्यातले बरेच दिवस समुद्रात. आई हेमा पालघरच्या बाजारात मासळी विकते. दर्शना उंच, अंगाने भरलेली, केसांना नेहमी दोन लाल रिबिनी. तिच्या बुद्धीची वाढ वयाच्या मानाने मागे होती. कागदावर त्याला जे नाव होतं ते बाई कधी उच्चारत नसत. ती आली तेव्हा एकेक शब्द बोलायची. “पाणी.” “नाय.” “घर.” कोणी मोठ्याने बोललं की कान झाकून बाकाखाली बसायची.

तिला बसने एकटीने यायला शिकवायचं असं बाईंनी ठरवलं तेव्हा हेमाने कपाळावर हात मारला. पण बाई ऐकणाऱ्यांतल्या नव्हत्या. एका सकाळी आम्ही दोघी सातपाटीला गेलो. योजना अशी, की दर्शनाने एकटीने एसटीत चढायचं, कंडक्टरला ‘पालघर, एक’ म्हणायचं, आणि आम्ही मागच्या सीटवर अनोळखी असल्यासारखं बसायचं. त्यासाठी बाईंनी तोंडाला स्कार्फ गुंडाळला होता आणि काळा चष्मा लावला होता. सातपाटीत त्यांना ओळखत नाही असं एकही माणूस नव्हतं. टोपली घेऊन चढलेली एक कोळीण आमच्याजवळ थांबली.

“काय बाई, तोंड का बांधलंय? दात काढला काय?”

“मी इथे नाहीये,” बाई स्कार्फमधून म्हणाल्या.

“बरं बरं,” ती म्हणाली आणि पुढे जाऊन सगळ्यांना सांगितलं, “बाई इथं नाय हा.”

कंडक्टर दर्शनापाशी आला. “बोल गो, कुठं?” दर्शना खिडकीबाहेर बघायला लागली. कंडक्टर थांबला. सगळी बस गप्प झाली. शेवटी पुढच्या सीटवरचे एक काका म्हणाले, “पालघर द्या हो तिला. आमच्या तांडेलाची पोर हाय.”

बाई ताडकन उठल्या. चष्मा नाकावरून घसरला. “तुम्हाला कोणी विचारलं?”

“मदत केली बाई!”

“मदत करायची तर गप्प बसा. तेवढी मदत पुष्कळ झाली.”

बसमध्ये हशा पिकला. काकांनी तोंडावर बोट ठेवलं. शिरगाव आलं, माणसं चढली, त्यांनाही कोणीतरी खुणेने गप्प केलं. कंडक्टर दर्शनाच्या सीटला टेकून तसाच उभा. आणि शिरगाव सुटल्यावर, किल्ल्याच्या भिंतीकडे बघतच, दर्शना म्हणाली, “पालघर. एक.”

कंडक्टरने तिकीट असं फाडलं की जणू तो कोणाला बक्षीस देत होता. त्यानंतर त्या मार्गावरचे कंडक्टर दर्शनाने म्हटल्याशिवाय तिकीट देत नसत. बाईंनी कोणालाच तसं सांगितलं नव्हतं. दोन-तीन महिन्यांत ती एकटी यायला लागली.

सुट्टीत तिचं बोलणं मागे जाऊ नये म्हणून मे महिन्यात बाई तिला बाजारात गाठत. हेमाच्या पाटीमागे दर्शना बसलेली असायची. तिचं काम वाटे लावायचं. मांदेली, बोंबील, कोळंबी यांचे विकायला छोटे ढीग करतात, ते वाटे. दर्शनाचे वाटे एकसारखे. त्यात ती चुकत नसे, पण गिऱ्हाइकाशी बोलत नसे. बाई पाटीच्या कडेला प्लास्टिकच्या स्टुलावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघत. मी उभी, नाकाला रुमाल लावायचा नाही एवढं मनाशी घोकत.

एके दिवशी एक बाई आल्या आणि पापलेट उचलून दाबायला लागल्या. पोट दाबलं, गलफडं उघडली, दुसरं उचललं, तेही दाबलं. दर्शना बघत होती. मग ती खणखणीत आवाजात म्हणाली, “दाबू नको. घ्यायचं तर घे.”

आजूबाजूच्या सगळ्या कोळणी खदाखदा हसल्या. हेमा लाजून म्हणाली, “आगो, मावशीला आसं बोलतात?”

“बोलू दे, बोलू दे!” शेजारची म्हणाली. “रक्त बोलतंय. तुजीच पोर!”

सावेबाई स्टुलावरून उठल्या होत्या. त्यांनी माझा दंड इतका घट्ट धरला की संध्याकाळपर्यंत तो दुखत होता. “ऐकलंस? अट घातली तिने. अट!” त्या गिऱ्हाइकाला त्यांनी जवळजवळ मिठी मारली. त्या बाई घाबरून दोन्ही पापलेटं घेऊन गेल्या.

दर्शना नववीत असताना हेमा एकदा दुपारी शाळेत आली. टोपली बाहेर कट्ट्यावर ठेवली, पदराने हात पुसले आणि मुलांच्या बुटक्या बाकावर बसली.

“बाई, एक विचारू? रागावू नका.”

“विचार.”

“हिला नापास नाय का करता येत?”

बाई मोठ्याने हसल्या. “अगं वेडी का? लोक माझ्याकडे पास करायला येतात.”

“तसं नाय. पास झाली का दहावी. दहावी झाली का शाला सुटंल. मंग तुमी सुटाल.” हेमा खाली बघत बोलत होती. “नववीत दोनदा ठेवली तर काय बिगडंल? कोन विचारतंय? वडलांना पन नाय कलायचं.”

“हेमा, ऐक. ही पास होणार. सगळ्यांना दाखवणार मी. आणि पुढचं पुढे बघू, मी आहे ना.”

हेमा उठली. दारात जाऊन परत वळली. “तुमी हाव तवर काय काळजी नाय,” म्हणाली, पण काळजी नसलेल्या माणसाचा तो चेहरा नव्हता.

दहावीचं वर्ष बाईंनी युद्धासारखं काढलं. सवलती होत्या, पण त्या आपोआप चालत येत नाहीत. गणिताच्या जागी सोपं अंकगणित, जादा वेळ, दर्शना तोंडी सांगेल ते लिहायला नववीतली एक लेखनिक मुलगी. त्या लेखनिक मुलीला बाईंनी दर्शनाइतकंच शिकवलं. “तिने अर्धं सांगितलं तर अर्धं लिही. तुला उत्तर येतं म्हणून पूर्ण करू नकोस. तुझी परीक्षा पुढच्या वर्षी.” इतिहास बाईंनी वाळूत काठीने आखून शिकवला, विज्ञान स्वयंपाकघरात. निबंधाला ‘माझी आई’ यावा म्हणून त्यांनी शितळादेवीला नारळ बोलला होता. आला ‘माझा आवडता ऋतू’. दर्शनाने सांगितलं, “उन्हाळा. बोंबील सुकतात.” लेखनिक मुलीने तेवढंच लिहिलं.

दर्शना पास झाली.

शाळेत फोटो काढले. सरांनी गुलाबाचं फूल दिलं, दर्शनाने ते हुंगून बघितलं आणि बाईंच्या अंबाड्यात खोचलं. हेमाने पिशवीतून बर्फात घातलेली पापलेटं आणली होती, बाईंसाठी मोठी आणि माझ्यासाठीही एक. सगळे पेढे खात असताना ती बाईंच्या जवळ सरकली.

“शाला उघडली का आनू ना हिला? सोमवारची?”

सोमवार हा बाईंचा आमच्या शाळेचा वार. बाईंच्या हातात अर्धा पेढा होता. त्यांनी ‘नाही’ म्हणायला हवं होतं. दर्शनाचं नाव पटावरून उतरलं होतं आणि बाईंचं काम पटावरच्या मुलांपुरतं होतं.

“आण,” त्या म्हणाल्या.

शाळा उघडायच्या आत आम्ही शिक्षण विभागाच्या कार्यालयात गेलो. साहेब सज्जन होते. चहा मागवला. बाईंनी समजावून सांगितलं, की ही मुलगी आता कुठे वाक्यात बोलायला लागली आहे, आता हात सोडला तर सगळं जाईल, कायद्यात अठराव्या वर्षापर्यंत शिक्षणाची हमी आहे.

“कायदा आहे, मॅडम,” साहेब म्हणाले. “पद नाही.”

“म्हणजे?”

“तुमची नेमणूक दहावीपर्यंतच्या शाळांना आहे. अकरावी-बारावीला आपल्याकडे विशेष शिक्षक दिलेलाच नाही. मागणी वर पाठवलीये.”

“कधी?”

“माझ्या आधीच्या साहेबांनी.”

चहा चांगला होता. बाईंनी तो प्यायला नाही. पुढे त्यांनी एका कनिष्ठ महाविद्यालयात दर्शनासाठी कला शाखेची जागाही मिळवली. तिथले प्राचार्य म्हणाले, जागा आहे, आनंदाने घेऊ, फक्त मुलीचं मुलीने बघायला पाहिजे. वर्गात शंभराच्या आसपास मुलं. बाईंनी विचारलं, आठवड्यातून एकदा मी येऊन तिच्याजवळ बसले तर? बाहेरच्या व्यक्तीला वर्गात बसता येणार नाही, असं उत्तर आलं, तेही नम्रपणे. त्या सगळ्या दिवसांत कोणी आमच्याशी वाईट वागलं नाही. भांडायला समोर कोणीतरी वाईट लागतं. बाईंना तसं कोणी सापडेना.

मग बोईसर. तिथे औद्योगिक वसाहतीच्या कडेला अशा मोठ्या मुलांसाठी एक छोटी कार्यशाळा चालते. मुलं खोकी जुळवतात, पाकिटं भरतात, दुपारी एकत्र जेवतात. मी त्याच रस्त्याने वर्षानुवर्षं गेले होते, पण तो बोर्ड कधी वाचला नव्हता. बाईंना ती जागा बघताक्षणी आवडली. एक मुलगा अतिशय गंभीरपणे झाकणं मोजत होता, त्याच्याकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या. तिथले व्यवस्थापक उत्तरेकडचे होते, हिंदी बोलणारे.

“मैडम, अठारह के बाद ले आइए। ज़रूर लेंगे। अभी तो बच्ची है। इंडस्ट्रियल एरिया है, नियम है।”

“अभी सोलह की है,” बाई म्हणाल्या. “शाळा बोलते बड़ी हो गयी, तुम बोलते छोटी है. दो साल क्या करूँ मी? बर्फ में रखूँ?”

व्यवस्थापकांना हसावं की नाही ते कळेना. “मैडम, मेरे हाथ में होता तो...”

“हां. सबका हाथ ऐसाच है.”

बाहेर आलो. वसाहतीतल्या हवेला तो ओळखीचा आंबट वास होता, त्यात मी वाढले. मोठमोठे टँकर जात होते. बाई टपरीच्या बाकावर बसल्या. मी शेजारी, गप्प. इतर वेळी माझ्या गप्प बसण्याचा त्यांना उपयोग व्हायचा, त्या दिवशी झाला नसावा.

“हेमाने विचारलं तेव्हा मी हसले होते,” त्या म्हणाल्या. “आठवतं तुला?”

आठवत होतं.

जूनमध्ये शाळा उघडली आणि सोमवारी दर्शना आली. युनिफॉर्म, दोन लाल रिबिनी, पाण्याची बाटली. एकटीने, बसने. ती सरळ दहावीच्या वर्गात गेली आणि आपल्या जुन्या बाकावर बसली. वर्गशिक्षिकेने हजेरी घेतली, दर्शनाचं नाव त्यात नव्हतं, आणि घेऊन झाल्यावर ती म्हणाली, “आणि दर्शना.” दर्शना म्हणाली, “हजर.”

मंगळवारीही आली. शिक्षकांनी आपसांत काही ठरवलं नव्हतं, पण सगळ्यांनी एकच केलं. पटावर नसलेली मुलगी वर्गात आहे हे कोणी पाहिलंच नाही. सर व्हरांड्यातून जाताना त्या खिडकीपाशी आले की मैदानाकडे बघायचे. सोमवारी ती आमच्या खोलीत यायची, बाई तिला काही ना काही शिकवायच्या. तेव्हा फोन लावायला शिकवत होत्या. दर्शनाला आकडे लावता यायचे, पलीकडून ‘हॅलो’ आलं की ती फोन बाईंच्या हातात द्यायची. “माझ्याकडे नको देऊ. तुझा फोन आहे,” बाई म्हणायच्या. इतकी आनंदी घाई मी त्यांच्यात पूर्वी पाहिली नव्हती. जणू कोणीतरी चुकून दार उघडं टाकलंय आणि त्याच्या लक्षात यायच्या आत जमेल तेवढं आत न्यायचं आहे.

पावसाने जोर धरला तेव्हा एक मुलगा जिन्यावर घसरला. हात मोडला, फार काही नाही. पण पालक आले, आवाज चढले, जबाबदारी हा शब्द वारंवार आला. त्या संध्याकाळी सरांनी बाईंना बोलावलं. मी दाराजवळ उभी होते.

“बाई, तो मुलगा पटावरचा होता. उद्या ही पडली तर?”

“ही नाही पडत, सर.”

“बाई.” सरांचा आवाज खाली आला. “मी एवढे दिवस मैदान बघतोय. मैदानात काय पेरलंय का मी?”

सरांनीच पुन्हा म्हटलं, “तुम्ही सांगा तिला. माझ्याने नाही होणार.”

पुढच्या सोमवारी बाईंनी सांगितलं. कसं सांगायचं याची त्यांनी तयारी केली असणार, पिशवीतून शाळेचा फोटो काढला, दर्शनाच्या घराचा काढला, समोर ठेवले. त्या कधी फोटो वापरत नसत. “दर्शना, शाळा झाली. आता तू मोठी. आता घरी, आईबरोबर बाजारात. शाळेत यायचं नाही.”

दर्शनाने दोन्ही फोटो नीट रचून बाईंना परत दिले. बाई थांबल्या. पंख्याकडे बघितलं नाही, दर्शनाकडेच बघत राहिल्या. बऱ्याच वेळाने दर्शनाने दप्तर खांद्याला लावलं.

“उद्या येते,” ती म्हणाली.

निघताना म्हणायचं हे वाक्य बाई प्रत्येक मुलाला सगळ्यात आधी शिकवत. त्या दाराला धरून उभ्या होत्या. त्यांनी मला खूण केली आणि मी दर्शनाला बस स्टॉपपर्यंत सोडून आले. परत आले तर बाई खोलीत झाडू मारत होत्या. खोली झाडलेलीच होती.

हेमाने तिला बाजारात न्यायचा प्रयत्न केला. पण पहाटे बोटी येतात तेव्हा बंदरावर लिलावाची जी घाई आणि ओरड असते त्यात दर्शना बसून राहत नसे, कान झाकून पळायची. तिथून टेम्पोने बाजार. हेमाने दोन्ही सांभाळून पाहिलं, मग दर्शना घरी राहू लागली. एका सकाळी आई गेल्यावर तिने युनिफॉर्म घातला, एसटीत चढली, पालघरचं तिकीट काढलं आणि शाळेत आली. फाटकावरचा शिपाई नवीन होता. त्याने आत सोडलं नाही. मग ती कुठे गेली ते कोणालाच माहीत नाही. बाई, हेमा, मी, सर, बाजारातल्या कोळणी, सगळे दिवसभर शोधत होतो. अंधार पडता पडता ती बोईसरच्या बस स्थानकात सापडली, एका बाकड्यावर, दप्तर मांडीवर घेऊन. रिबीन एकच होती. काय झालं होतं, काही झालं होतं का, हे तिने सांगितलं नाही. सांगता आलं नाही की सांगायचं नव्हतं, तेही कळलं नाही. डॉक्टर म्हणाले, मुलगी ठीक आहे.

त्यानंतर हेमा कामाला जाताना दाराला कुलूप लावू लागली.

त्या वर्षाअखेर बाईंची नेमणूक डोंगराकडच्या शाळांना झाली आणि आमची खोली बंद पडली. मला बोईसरला एका कंपनीच्या ऑफिसात नोकरी लागली. फार बोलावं न लागणारी.

मागच्या हिवाळ्यात एका रविवारी मी आईबरोबर सुकं घ्यायला सातपाटीला गेले होते. आई बोंबील निवडत होती, मी गल्लीतून पुढे आले. दोन्ही बाजूंना वलांडींवर, बांबूंच्या आडव्या काठ्यांवर, बोंबील वाळत होते, वर कावळे. तांडेलांचं घर मला माहीत होतं. जाळीचं दार, बाहेरून कुलूप. पायरीवर सावेबाई बसल्या होत्या, दाराकडे तोंड करून, पाठ गल्लीला. जाळीच्या आतल्या बाजूला दर्शना जमिनीवर मांडी घालून. केस मोकळे. ती जाड झाली होती.

बाई तिला आपल्या घराजवळच्या केळीच्या बागेत माकडं आली त्याची गोष्ट सांगत होत्या. मोठमोठे हातवारे. मधे थांबून विचारत होत्या, “मग काय केलं असेल मी?” दर्शनाचे ओठ हलत होते. माझ्यापर्यंत काही ऐकू आलं नाही. बाईंनाही आलं असेल असं वाटलं नाही, कारण त्यांनी जाळीला कान लावला आणि तसाच ठेवला.

शेजारची म्हातारी हातात किल्ली घेऊन आली. “आवो बाई, बाहेर का बसलाव? चावी माज्याकडं आसते. उघडू का?”

“नको,” बाई म्हणाल्या.

“आवो, आत बसा ना निवांत. उन्हात काय?”

“नको, आजी. उघडलं तर जाताना मला लावावं लागेल.”

म्हातारी किल्ली कमरेला खोचून बाईंच्या शेजारी पायरीवर बसली. आईने मला हाक मारली. बाईंनी मागे वळून बघितलं नाही.